गोसीखुर्दच्या पाण्यावर रात्र काढायची, तर बोट कशी घ्यावी

मागच्या मे महिन्यात तुमसरकडचे एक राइसमिलवाले भाऊ दुकानात आले. गोसीखुर्द धरणाजवळच्या पवनीत माझं ट्रॅक्टर आणि मोटरपंप दुरुस्तीचं दुकान आहे. त्याआधीची १४ वर्षं मुंबईत भाऊच्या धक्क्याच्या आसपास बोटींची इंजिनं खोलण्यात गेली, त्यामुळे पाण्यावर चालणारं काहीही असलं की लोक माझ्याकडेच येतात. भाऊंनी मोबाइल पुढे केला. फोटोत ३४ फुटी पांढरीशुभ्र बोट, मागे दोन पेट्रोल व्ही-८ इंजिनं, आत पलंग, फ्रिज, टीव्ही. "गोसीत टाकायची हाय जी. पळाली बी पायजे आन् रात्री पोराबाळांसंग झोपता बी आलं पायजे."

मी तीन गोष्टी विचारल्या. कोणत्या घाटावरून उतरवणार? पेट्रोल कुठे साठवणार? संडासाची टाकी भरली की कुठे रिकामी करणार? भाऊ जरा गप्प बसले, मग म्हणाले, "ते विकणारा सांगन ना."

विकणाऱ्याचं काम बोट ट्रकवर चढली की संपतं. ब्रोशरमध्ये वेग आणि पलंग पहिल्या पानावर असतात, बाकीचं शेवटी बारीक अक्षरात. आपल्याकडे नेमकं त्या बारीक अक्षरापासून सुरू करावं लागतं. पहिल्यांदाच केबिनवाली, दमदार इंजिनाची बोट घेणाऱ्यांनी कोणत्या क्रमानं विचार करावा, तो क्रम खाली देतो.

पहिली पायरी: पाणी बघा, तेही मे महिन्यात

विदर्भात धरणं भरपूर, पण अशा बोटीला चालतील अशी थोडी. तोतलाडोह पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या आत आहे, त्याचा विचार सोडा. नवेगावबांधची तीच गत. रामटेकच्या खिंडसीत नौकाविहार चालतो, पण २८ फुटी बोट ताशी ५० किलोमीटरनं सोडली तर गिअर टाकेपर्यंत तलाव संपतो. उरतात मोर्शीजवळचं अप्पर वर्धा, पैनगंगेवरचं इसापूर आणि आमचं गोसीखुर्द.

गोसीखुर्द आकारानं दांडगं आहे. भिंत ११ किलोमीटरांहून लांब, ३३ दरवाजे, पूर्ण भरल्यावर पातळी २४५.५ मीटर आणि साठा ११४६ दशलक्ष घनमीटर. अंभोऱ्याच्या केबलच्या पुलापासून खाली बघितलं की वैनगंगा नदी वाटतच नाही. पण हे पाणी एकसारखं नाही. १९८८ साली पायाभरणी झाली तेव्हा इथे गावं होती, शेतं होती, आंब्याची झाडं होती. ती सगळी अजून खालीच आहेत. माझ्या आजोळचं शेतही त्यातच.

म्हणून बोट बघायला मुंबईला जाण्याआधी मे महिन्यात, पाणी उतरलेलं असताना, एक दिवस मासेमारी करणाऱ्या ढिवरभाऊंचा डोंगा, म्हणजे लहान होडी, ठरवा आणि ज्या भागात फिरायचं तो भाग सावकाश फिरा. मी भाऊंना नेलं होतं. डोंगावाले काका वेळूनं ढकलत होते. एका जागी वेळू खाली गेला आणि टक् असा आवाज आला. वर पाणी सपाट, कुठे काही दिसत नाही. काका म्हणाले, "पाटलाच्या विहिरीचा कठडा हाय. दोन हात पानी हाय वर." दोन हात म्हणजे तीन फूट. भाऊंच्या फोटोतल्या बोटीचा पंखा पाण्याखाली साधारण तेवढाच असतो. त्या जागेचं लोकेशन मोबाइलमध्ये टाकून ठेवा. अशा दहा-बारा खुणा जमल्या की तो तुमचा नकाशा, बाजारात विकत मिळत नाही असा.

त्याच फेरीत आणखी तीन गोष्टी बघून घ्या. एक, इकॉर्निया, म्हणजे जलपर्णी. नाग नदीतून नागपूरचं सांडपाणी खाली येतं आणि त्यावर ही बया पोसते. वारा फिरला की हिरवा गालिचा रात्रीतून एका थडीवरून दुसऱ्या थडीला जातो. दोन, जाळी. ढिवर संध्याकाळी जाळी टाकतात आणि पहाटे काढतात. खूण म्हणून प्लास्टिकच्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे तरंगत असतात, ते अंधारात दिसत नाहीत. जाळं पंख्यात गेलं तर तुमचं इंजिन बंद आणि त्यांचा महिन्याचा धंदा बुडाला. तीन, जंगल. एका बाजूला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहे. तिकडच्या काठाला मुक्काम करायचा नाही, तिथे वन विभागाचे नियम लागतात.

परवानगीचं एका दमात सांगतो. जलाशय पाटबंधारे खात्याचा, गोसीखुर्द विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाकडे. इंजिनाच्या बोटीला २०२१ चा अंतर्देशीय जहाज कायदा लागतो. त्यात नोंदणी, तपासणी, विमा आणि चालवणाऱ्याचा दाखला, सगळं आलं. आपल्या राज्यात हे काम महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे आहे. जलाशयात खासगी बोट ठेवायला हरकत नाही असं पत्र हातात पडेपर्यंत इसार द्यायचा नाही. तोंडी "होऊन जाईल" म्हणणारे खूप भेटतील.

दुसरी पायरी: रस्ता आणि घाट

केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे रस्त्यावरच्या वाहनाची रुंदी २.६ मीटरपेक्षा जास्त चालत नाही. साडेआठ फुटी रुंदीच्या बोटी त्यात कशाबशा बसतात. त्याहून रुंद बोट म्हणजे अवाढव्य माल, त्याला वेगळी परवानगी, लो-बेड ट्रेलर, पुढे गाडी, मागे गाडी. ३० फुटांच्या पुढच्या बहुतेक केबिनवाल्या बोटी दहा फूट किंवा जास्त रुंद असतात. भाऊंची ३४ फुटी तिथेच अडली.

मुंबईकडून यायला आता समृद्धी आहे. ७०१ किलोमीटर, ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला. पण खरी परीक्षा नागपूर सोडल्यावर. उमरेडहून पवनीकडे, पवनीहून घाटाच्या गावाकडे, जिथे महावितरणच्या तारा लोंबतात आणि गावाच्या तोंडाशी कमान असते. ट्रकवर चढवलेल्या बोटीची जमिनीपासूनची उंची लिहून घ्या, आणि एक माणूस वेळू घेऊन त्या रस्त्यानं आधी पाठवा. हसू नका. कमानीला अडकलेली बोट मागे घेताना ट्रेलर वळवायला जागा नसते.

घाटाचा उतार सात-आठ फुटांना एक फूट असा असेल तर बरं. त्याहून सपाट असेल तर ट्रॉली पाण्यात खूप आत न्यावी लागते, चढा असेल तर ट्रॅक्टर घसरतो. आणि उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की काँक्रीटचा घाट कोरडा राहतो, पुढे गुडघाभर चिखल. तेव्हा बोट काढता येत नाही, घालताही येत नाही. याला दोनच उपाय. एकतर खोल पाण्यात तरंगता पिंप बांधून बोट कायम पाण्यात ठेवा, नाहीतर पातळी उतरण्याआधी हायड्रा क्रेन लावून वर घ्या. हायड्रानं उचलायची तर पट्टे कुठे घालायचे याच्या खुणा बोटीच्या बाजूला असतात, त्या विकणाऱ्याकडून दाखवून घ्या. चुकीच्या जागी पट्टा बसला तर तळाला तडा जातो, तो वरून दिसत नाही.

एसयूव्हीनं ओढून नेऊ, हे डोक्यातून काढा. भरलेली २८ फुटी बोट ट्रॉलीसकट पाच टनांच्या पुढे जाते. आपल्याकडे घाटावरचं काम ५० एचपीचा ट्रॅक्टरच करतो, आणि चांगलं करतो.

तिसरी पायरी: तळाचा आकार

वेगवान बोट पाणी कापत नाही, ठराविक वेगानंतर पाण्यावर चढते. चढली की तळाचा मागचा तेवढाच भाग पाण्याला टेकतो, आणि बोट हलकी होऊन पळते. मागून बघितलं की तळ इंग्रजी व्हीसारखा दिसतो. तो व्ही जितका खोल, तितकी बोट लाटा मऊ घेते. खोल व्ही म्हणजे मागच्या टोकाला २० ते २४ अंश. समुद्रावर जोरात जायला हाच तळ हवा.

पण हाच तळ नांगर टाकला की डुलतो. कुशीवर वळलात तरी बोट कलते. कमी खोल, १४ ते १८ अंशांचा तळ थांबल्यावर स्थिर राहतो, कमी ताकदीत पाण्यावर चढतो आणि कमी पाण्यात चालतो. गोसीत समुद्राच्या लाटा नाहीत. मे-जूनच्या वादळात आखूड, उभ्या लाटा उठतात आणि अर्ध्या-पाऊण तासात बसतात, तोवर खाडीच्या आडोशाला जायचं. तेवढ्यासाठी खोल व्हीची झोपमोड कशाला? मी १६-१७ अंशांवर समाधानी असतो. मुंबईतले माझे जुने सोबती यावर भांडतील. त्यांना भांडू द्या, ते रात्री घरी जाऊन झोपतात.

चौथी पायरी: वजन मांडा, वहीत

ब्रोशरमधला वेग रिकाम्या बोटीचा असतो. २८ फुटी केबिनवाली बोट धरा, इंजिनासकट रिकामी ३४०० किलो, इंजिन ३०० एचपी. ढोबळ हिशेबानं ही ताशी ५८ किलोमीटरपर्यंत जाईल. आता तिच्यात रात्र भरा. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो. ३०० लिटर डिझेल, २५० किलो. सहा माणसं सामानासकट, ५०० किलो. जनरेटर १५०. चार मोठ्या बॅटऱ्या, १८०. बेरीज ४६८० किलो. तीच बोट, तेच इंजिन, आता ताशी ४९ किलोमीटर. त्यात तळाला शेवाळ धरलं, तर आणखी कमी.

मग मोठं इंजिन घेऊ? वेग ताकदीच्या वर्गमुळाच्या हिशेबानं वाढतो. ३०० चं ४०० एचपी केलं, म्हणजे ताकद एक तृतीयांशानं वाढवली, तर वेग जेमतेम १५ टक्के वाढतो, आणि इंजिनाचं जास्तीचं वजन त्यातलंही थोडं खातं. भरलेल्या बोटीच्या दर १५-१६ किलोंमागे एक एचपी एवढं असलं की बोट सहज चढते आणि मध्यम वेगात तिला धाप लागत नाही. त्यापेक्षा जास्त हौस असेल तर करा, पण ती हौस आहे हे माहीत असू द्या.

इथे मी स्वतः मार खाल्ला आहे. काही वर्षांमागे एका रिसॉर्टवाल्यासाठी किनाऱ्यावरून २६ फुटी जुनी बोट पारखून आणली. ट्रायल घेतली ती सकाळी, तीन माणसं, पाव टाकी इंधन. ताशी ५२ चा आकडा बघून मी मान डोलावली. इथे आणल्यावर मालकानं टाकी फुल केली, आठ पाहुणे चढवले, भर दुपारचे ४४ अंश. बोट चढेचना. नाक आभाळाकडे, शेपूट पाण्यात, मागे नुसता फेस. गरम हवेत इंजिनाची ताकद कमी होते आणि पंखा हलक्या बोटीसाठी निवडलेला. शेवटी २१ इंची पिचचा पंखा काढून १९ इंची लावला. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा हिशेबानं जितका पुढे सरकतो ते अंतर. पिच एक इंच कमी केली की इंजिनाचे मिनिटाचे फेरे दीड-दोनशेनं वाढतात. त्यानंतर बोट चढली, पण ५२ चा आकडा परत कधी दिसला नाही. मालक अजूनही चहा पाजताना तो आकडा काढतो.

पाचवी पायरी: डिझेल की पेट्रोल

समुद्रावर या प्रश्नाला दोन बाजू आहेत. आपल्याकडे माझ्या मते एकच आहे.

गोसीच्या काठाला बोटीसाठी पंप नाही. इंधन पवनीहून किंवा भिवापूरहून आणून साठवावं लागतं. पेट्रोलियम कायद्याप्रमाणे विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल परवान्याविना ३० लिटरपर्यंतच ठेवता येतं. डिझेल २५०० लिटरपर्यंत, एका पिंपात १००० पेक्षा जास्त नाही. ३०० एचपीचं पेट्रोल इंजिन पूर्ण दाबल्यावर तासाला ११० लिटरच्या आसपास पितं. म्हणजे कायद्यात राहून घरी ठेवलेलं पेट्रोल सोळा-सतरा मिनिटांत संपणार. तेवढ्याच ताकदीचं डिझेल इंजिन पूर्ण वेगात ६० लिटरच्या आसपास आणि मध्यम वेगात त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त. ताशी ३८ किलोमीटरनं निवांत गेलात तर किलोमीटरला एक लिटर डिझेल धरा. महागच आहे, पण हिशेबात बसतं.

दुसरी गोष्ट इथेनॉलची. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. बोटीच्या पेट्रोल इंजिनांचे बहुतेक कारखाने १० टक्क्यांपर्यंतच चालवा म्हणतात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. बोट महिना-महिना उभी राहते, वर बाष्प, रात्री गारवा. टाकीत पाणी खाली बसतं आणि सकाळी पाहुणे चढल्यावरच इंजिन ठसकायला लागतं.

तिसरी, आग. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. बंद इंजिनखोलीत ती तळाशी साचते आणि स्टार्टरच्या ठिणगीनं पेटते. आतल्या पेट्रोल इंजिनाला सुरू करण्याआधी चार मिनिटं ब्लोअर, म्हणजे वाफ बाहेर फेकणारा पंखा, चालवायचा आणि नाकानं वास घ्यायचा हा नियम आहे. आपल्याकडे बोट चालवणारा दर सहा महिन्यांनी बदलतो. नवीन पोरगा चार मिनिटं थांबेल यावर मी माझी लेकरं त्या बोटीत बसवणार नाही.

पंखा कसा हवा? इंजिन आत आणि पाय मागे बाहेर, ज्याला स्टर्नड्राइव्ह म्हणतात, तो घ्या. तो वर उचलता येतो, म्हणून पाटलाच्या विहिरीवरून निभावतो. सरळ दांड्याचा पंखा मजबूत खरा, पण खालीच राहतो. बाहेर लावायची आउटबोर्ड इंजिनं दुरुस्तीला सगळ्यात सोपी, पण मोठ्या ताकदीत ती जवळपास सगळी पेट्रोलचीच. डिझेल स्टर्नड्राइव्हमध्ये व्होल्वो पेंटा आणि मर्क्युरी ही दोन नावं जास्त दिसतील. कोणतंही घ्या, पण आधी विचारा की मेकॅनिक नागपूरपर्यंत यायला किती दिवस लावतो आणि येण्याजाण्याचं भाडं कोण देतो.

स्टर्नड्राइव्हला एक रबरी भाता असतो, पाय जिथे बोटीला जोडतो तिथे. तो फाटला की पाणी सरळ आत. बहुतेक ठिकाणी दोन वर्षांनी बदलायला सांगतात. आपल्या उन्हात त्यात कंजुषी नको. आणि धातू खराब होऊ नये म्हणून पायाला जे बळीचे तुकडे लावतात, ते समुद्रात जस्ताचे असतात. गोड्या पाण्यात जस्त काम करत नाही, मॅग्नेशियमचे लावायचे. किनाऱ्यावरून आलेल्या जुन्या बोटीवर हमखास जस्ताचेच सापडतात.

सहावी पायरी: रात्र

आता पलंग.

भाऊंनी पुढे एक २७ फुटी बोट पसंत केली. मी म्हटलं, पैसे देण्याआधी एक रात्र तिच्यात झोपा. मालकाला थोडं भाडं द्या, वहिनींनाही न्या. रात्री अडीचला माझा फोन वाजला. "डोक्सं आपटलं जी. उठून बसताच येत नाही." ते मधल्या केबिनमध्ये झोपले होते, वरच्या बैठकीखालची ती गुहा. ब्रोशरमध्ये तिला 'दोघांचा प्रशस्त पलंग' म्हणतात. लांबी-रुंदी खरंच प्रशस्त असते, उंची मात्र अडीच-तीन फूट. कुशीवर वळायचं तर बायकोला उठवावं लागतं. तिथे लहान पोरं झोपतात किंवा बॅगा. मोठ्यांसाठी पुढचा, नाळेतला पलंग बघा. त्याची लांबी सव्वासहा फूट आहे का, आणि पायाकडे दोघांचे पाय एकमेकांना लागत नाहीत ना, हे आडवं होऊनच कळतं. बूट काढा, झाकण बंद करा, वीस मिनिटं पडून राहा. विकणारा घड्याळ बघेल, बघू द्या.

नाळेतल्या पलंगावर छताला झाकण हवं. त्यातून वारा येतो, आणि आग लागली तर माणूस बाहेर पडतो. खांदे सहज निघतात का ते स्वतः निघून बघा. झाकणाला आणि प्रत्येक खिडकीला डासांची जाळी. इकॉर्नियाच्या शेजारी दिवेलागणीला जे डास उठतात, त्यांची नागपूरच्या माणसाला कल्पना नाही. जाळी नसेल तर बाकी सगळं लाखमोलाचं असून काही कामाचं नाही.

उष्णता ही दुसरी लढाई. घरी आपण कूलरवर निभावतो. बोटीत कूलर चालत नाही, पाण्यावरची हवा आधीच ओली. एसी लागणार. बोटीचा एसी तलावाचं पाणी आत घेऊन गार होतो. मेमध्ये वरच्या थराचं पाणीच ३० अंशांवर असतं, म्हणून त्याचा जोर कमी पडतो. उष्ण प्रदेशासाठीचं मॉडेल मागा, आणि पाणी घेण्याच्या तोंडाशी मोठी गाळणी लावा. इकॉर्नियाच्या मुळ्या केसांसारख्या बारीक असतात, लहान गाळणी रात्रीत बंद पडते. गाळणी टॉर्चच्या उजेडात, एका हातानं, इंजिन न हलवता साफ करता आली पाहिजे. मी तर बोट बघायला गेलो की आधी गाळणी कुठे आहे ते शोधतो.

एसीला वीज कुठून? छोट्या केबिनला पाऊण टनाचा पुरतो. सुरू-बंद धरून तासाला अर्धा युनिट, म्हणजे आठ तासांचे चार युनिट. १५० अँपिअर-तासाची १२ व्होल्टची साधी बॅटरी पावणेदोन युनिटांची, पण तिच्यातलं निम्मंच वापरायचं. म्हणजे पाच बॅटऱ्या आणि सव्वादोनशे किलो. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या २०० अँपिअर-तासाच्या दोन पुरतात, वजन ५० किलोंच्या आसपास. महाग, पण वर वजनाची वही आठवा. इंजिन सुरू करायची बॅटरी यापासून वेगळी, तिला रात्री कोणी हात लावायचा नाही.

जनरेटर लावून एसी चालवू, असं बहुतेक जण म्हणतात. चालतो. पण झोपलेल्या माणसांजवळ जनरेटर म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही. मागून पडदे ओढले आणि वारा फिरला, की धूर परत केबिनमध्ये ओढला जातो. प्रत्येक झोपायच्या जागी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असल्याशिवाय बोटीत झोपू नका. इंजिन किंवा जनरेटर सुरू असताना मागच्या फळीवर पाय सोडून बसायचं नाही, पोरांना तर मुळीच बसू द्यायचं नाही. मी डिसेंबर-जानेवारीतच मुक्कामाचा सल्ला देतो. तेव्हा एसीची गरजच पडत नाही, थडीवर शेकोटी, आणि पहाटे धुकं इतकं की शेजारचा डोंगाही दिसत नाही.

अमेरिकेतून आलेली जुनी बोट असेल तर विजेची वायरिंग ११० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची असते. आपल्याकडे २३०, ५०. काठावरून वायर टाकून चार्जर लावला आणि धूर निघाला, असं होतं. आतली प्रत्येक वस्तू आपल्या विजेवर चालते का ते पाटीवर वाचून घ्या.

संडास. मोठ्या बोटीत बसवलेली टाकी असते, ६० ते १०० लिटरची, ती बंदरात पंपानं उपसतात. विदर्भात तसा पंप नाही, आणि पाण्यात सोडणं हा विचारही करू नका. खालची गावं हेच पाणी पितात. म्हणून सुटी, उचलून नेता येणारी पेटी असलेला संडास घ्या, वीस-एकवीस लिटरची. घरी आणून शोषखड्ड्यात रिकामी करता येते. कंपनी सांगते तेवढे दिवस ती पुरत नाही, कारण ती त्यांच्या कागदाच्या हिशेबानं असते. आपल्या माणसाला पाणी लागतं. चौघांना एका रात्रीत ती बऱ्यापैकी भरते. दोन पेट्या ठेवा.

स्वयंपाकघराला मी फार किंमत देत नाही. गॅस सिलिंडरची गळती बोटीच्या तळाशी साचते, पेट्रोलसारखीच, म्हणून आत इंडक्शनची एक शेगडी आणि १२ व्होल्टचा फ्रिज पुरे. झिंग्याचा रस्सा थडीवर चूल मांडूनच होतो. बोटीत केला तर गादीचा वास पुढच्या दिवाळीपर्यंत जात नाही.

सातवी पायरी: नवी की जुनी, आणि ट्रायल

२२ सप्टेंबर २०२५ पासून हौसेच्या बोटींवर जीएसटी ४० टक्के झाला आहे. धंद्यासाठी प्रवासी बोट म्हणून घेत असाल तर हिशेब वेगळा, तो सीएकडून लेखी घ्या. या करामुळे लोक जुन्या बोटीकडे वळतात, आणि ते वाईट नाही. फक्त खाऱ्या पाण्यातून आलेली बोट कानानं पारखावी लागते. लहान प्लास्टिकची हातोडी घ्या आणि तळ, मागची भिंत हळूहळू ठोकत जा. ठण् असा कोरडा आवाज आला तर फायबर चांगलं. ठब् असा आला तर आतलं लाकूड पाणी प्यायलेलं. मागची भिंत जास्त बघा, सगळं इंजिन तिच्यावर आहे. पाण्याखालच्या भागावर लहान फोड दिसले तर किंमत पाडा, फोडांची रांग दिसली तर घरी या. डिझेल इंजिन नीट पाळलेलं असेल तर तीन हजार तास चाललेलंही घ्यायला हरकत नाही. तेल तपासणीला पाठवा, आणि इंजिन तुमच्यासमोर थंड अवस्थेतून सुरू करायला लावा. आधीच गरम करून ठेवलेलं असेल तर त्या दिवशी पाहणी करू नका.

ट्रायल पूर्ण टाकी आणि पूर्ण माणसांनी घ्या. माणसं कमी पडली तर तांदळाचे कट्टे चढवा, भाऊंनी तसंच केलं. उभ्या बोटीतून जोर दिल्यावर किती सेकंदांत चढते, चढताना नाकामुळे पुढचं दिसेनासं होतं का, पूर्ण दाबल्यावर फेरे कारखान्यानं दिलेल्या मर्यादेत येतात का, एवढं वहीत लिहा. मग इंजिन बंद करून बोट वाऱ्याला आडवी सोडा आणि सगळ्यांना एका बाजूला जायला सांगा. किती कलते ते बघा.

भाऊंची २७ फुटी दिवाळीनंतर आली. साडेआठ फुटी रुंद, डिझेल, पुढचा पलंग, मधल्या गुहेत लाइफ जॅकेट आणि पाण्याचे कॅन. मी त्यांच्या बोटीत काही गोष्टी कायमच्या ठेवायला लावल्या आहेत. दुसरा पंखा, तो बसवायचा पान्हा आणि पिना. पाणीपंपाचा रबरी इम्पेलर, डिझेलचे दोन फिल्टर, एक पट्टा. जाळं अडकलं तर कापायला दातेरी सुरी, आणि कापलेल्या जाळ्याची भरपाई जागेवर द्यायला डब्यात थोडे पैसे. मुक्कामाला उंचावर लावायचा पांढरा दिवा, पहाटे जाळी काढायला निघालेल्या डोंग्याला तुम्ही दिसावं म्हणून. डोंगावाल्या काकांचा नंबर स्टिअरिंगशेजारी चिकटवलेला. आणि एक १५ फुटी वेळू, दर फुटाला लाल रंगाची पट्टी मारलेला.